दोरीवरच्या ओल्या गाठी

मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडली तर आमच्या घरातल्या कुणाचं नाव कुठे छापून आलेलं नाही. शाळा माझी सगळी हिंदीत झाली. मराठी घरात बोललो, आणि वाचायला शिकलो ती बाबा गोंदियाहून येताना ज्यात सामान बांधून आणायचे त्या वर्तमानपत्रांच्या कागदांवरून. त्यामुळे भाषेत चुका असतील. पण माफी मागायची ती त्यासाठी नाही. ज्या माणसाबद्दल लिहितो आहे, त्याच्याबद्दल लिहायचा हक्क आमच्या पाऱ्यातल्या कुणालाही माझ्यापेक्षा जास्त आहे. तरी मीच लिहितो आहे. कारण पुढे येईल.

पारा म्हणजे वस्ती. आमचा पारा छत्तीसगढ़ात, गुढ़ियारीत, रेल्वेच्या मालधक्क्याच्या मागे, एकोणीस घरांचा. अर्धी घरं गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेली, बाकीची इथलीच छत्तीसगढ़ी. नळाची लाइन गल्लीच्या तोंडापर्यंत आहे. पावसाळ्यात तिला पाणी असतं, तेव्हा त्याची कुणाला गरज नसते. उन्हाळ्यात सगळा पारा एका बोअरवर जगतो. ती बोअर पाऱ्याने वर्गणी काढून खणली, आणि तिच्या मोटरच्या डब्याची किल्ली मामांच्या कमरेला असायची.

सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांच्या वयाची माणसंही. ते रेल्वेत होते. स्टेशनावर गाडी थांबली की जाड पाइप खांद्यावर टाकून डब्यांच्या टाक्यांत पाणी भरायचं, हे त्यांनी सगळी नोकरी केलं. डब्याला तळहात लावला की टाकी किती भरली ते कळतं, असं ते सांगायचे. ही सवय सुटली नव्हती. कुणाच्या घरी गेले की बोलता बोलता त्यांचा हात गुंडावर, म्हणजे पाण्याच्या हंड्यावर जायचा. तांब्याचा असो, स्टीलचा असो, बाहेरून तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, "अर्धा आहे. संध्याकाळपर्यंत चालते." चहा त्यानंतर.

गुढीपाडव्याला सकाळी ते पाऱ्यातल्या लिंबाखाली उन्हाळ्याचे नियम सांगत. वाचून नाही, तोंडपाठ. मृग लागेपर्यंत अंगण धुवायचं नाही. आंघोळ घमेल्यात बसून करायची आणि घमेल्यातलं पाणी कूलरमध्ये घालायचं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला. दर घरामागे रोज सहा गुंड, माणसं कितीही असोत. पाहुणा येणार असेल तर आधी सांगायचं, मग त्याचा एक गुंड वाढून मिळेल. न सांगता आला तर तो ज्याच्या घरी आला त्याच्या सहातून पिईल. एका वर्षी कुणीतरी विचारलं, पाहुणा दोन तासांसाठी आला तर? मामांनी बराच विचार केला आणि सांगितलं की जेवला तर अर्धा गुंड, नुसता चहा घेतला तर काही नाही. हे ते गंमत म्हणून बोलले नव्हते. त्या उन्हाळ्यात अर्धा गुंड खरंच दिला गेला.

होळी पाडव्याच्या आधी येते, म्हणून नियमात बसत नव्हती. ते त्यांना खटकायचं. होळीला ते स्वतः सकाळी प्रत्येक दारात जाऊन उभे राहत आणि कोरडा गुलाल लावून घेत. एकोणीस घरं झाली की चेहरा ओळखू यायचा नाही. "आता झाली ना खेळून?" असं विचारून जात. त्यानंतर बादली बाहेर काढायला कुणाचा जीव व्हायचा नाही.

ते रागावत नसत. सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणारा एक भैया आमच्या शेजारी राहतो. त्याने नवी मोटरसायकल घेतली आणि ऐन वैशाखात पाइप लावून ती धुवायला काढली. मामा छत्री घेऊन आले आणि गाडीजवळ उभे राहिले. भैयाने थोडा वेळ धुतलं, मग पाइप बंद केला, मग घरातून ओलं फडकं आणून गाडी पुसायला लागला. मामा तरी उभेच. शेवटी पुसून झालं तेव्हा म्हणाले, "मांगचं चाक राहिलं." भैयाने तेही पुसलं. पुढे तो स्वतःच ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगायचा.

मामी मात्र रागावत. सगळ्या रांगेत मामांचं घर शेवटी लागायचं आणि ते सहाच्या ऐवजी पाच गुंड घ्यायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मामी रांगेत सगळ्यांच्या देखत म्हणायच्या, "जगाले न्याय आणि मले तहान. बायकोचाच गुंड सापडते याईले कापाले." मामा नळी गुंडाळत राहायचे. मामींचं तोंड तिखट होतं, पण त्या पाच गुंडांतच घर चालवायच्या. कुणी आपल्यातून गुंड देऊ केला तर घेत नसत.

आता दोरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

बोअरच्या पाइपाशेजारी बोट जाईल एवढी फट होती. मामांनी एक लांब सुती दोरी केली होती, टोकाला लोखंडी नट बांधलेला. ती दोरी पूर्ण सोडली की नट बरोबर खालच्या मोटरच्या डोक्यापाशी पोचायचा. नटापासून वर एकेका हातावर एक अशा बारा गाठी होत्या. रोज पहाटे मामा दोरी सोडायचे, वर काढायचे आणि लिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर टांगायचे. जितक्या गाठी ओल्या, तितके हात पाणी मोटरच्या वर. सगळा पारा येऊन बघून जायचा. पाच किंवा जास्त गाठी ओल्या असतील तर मोटर नेहमीसारखी चालायची आणि पाहुण्यांचे वाढीव गुंडही मिळायचे. पाचाच्या खाली गेलं की वाढीव बंद आणि मोटर अर्धा वेळ. तीनच्या खाली गेलं की मोटर लावायचीच नाही, पाणी भरून येण्याची वाट बघायची.

यावर कुणी भांडत नसे. माणसाशी भांडता येतं. दोरी ओली असायची किंवा कोरडी.

गाठ सरकू नये म्हणून मामा दर पाडव्याला सगळ्या गाठी सोडून पुन्हा हाताने मोजून बांधायचे आणि प्रत्येक गाठीवर डिंक लावायचे. मी लहानपणापासून ते बघत आलो. हेही लक्षात ठेवावं लागेल.

ज्या उन्हाळ्याचं सांगतो आहे, त्या उन्हाळ्यात माझी बारावी झाली होती आणि कॉलेजचं ठरत होतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. बाबा मालधक्क्यावर हमाल, आईला सहीपुरतं येतं. मामांना या गोष्टीचं कौतुक आमच्यापेक्षा जास्त होतं. ते कुणालाही धरून सांगायचे, "हा पोट्टा साइन्स घेऊन राहिला."

त्याच वेळी ताई बाळंतपणाला घरी आली होती, राजनांदगावहून. मुलगी झाली. मामा बाळाला बघायला आले, पाळण्यावर वाकून बघितलं, मग सवयीने आमच्या गुंडावर हात ठेवला. म्हणाले, बाळंतिणीचा एक आणि बाळाचा एक, दोन गुंड वाढीव. आईने विचारलं की एवढ्याशा जिवाला आख्खा गुंड कशाला. "तिचे कपडे तुह्या कपड्याहून जास्त आहेत," ते म्हणाले.

आठवड्याभराने गोंदियाला त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी कुणीतरी वारलं आणि त्यांना जावं लागलं. पाच दिवस. किल्ली त्यांनी भैयाला दिली, कारण तो सकाळी पाळीवर जायच्या आधी मोटर लावू शकत होता. दोरी मला दिली. भैयाला म्हणाले की पोट्टा जितक्या गाठी सांगेल तितकं चालवायचं, त्याहून जास्त नाही. मला म्हणाले, "जे दिसन ते टांगजो. बस."

पहिल्या दिवशी सहा गाठी ओल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी चार.

मी दोरी हातात घेऊन बोअरपाशी उभा होतो. चार टांगल्या की आमचे दोन गुंड बंद. ताईला टाके होते, तिला दोनदा गरम पाणी लागायचं. बाळाचे कपडे आई रोज उकळून घ्यायची. मला वाटलं, एका गाठीने काय होतं. भैया मोटर लावेल, उद्या पाणी भरून येईल. अंगणात बाळाच्या आंघोळीची बादली होती, थोडं पाणी उरलेलं. मी पाचवी गाठ त्यात बुडवली आणि दोरी खिळ्यावर टांगली. लोक आले, बघून गेले. समोरची छत्तीसगढ़ी काकी म्हणाली, "पाँच हे, बने हे," म्हणजे ठीक आहे, आणि गुंड घेऊन रांगेला लागली.

चौथ्या दिवशी तीन निघाल्या. मी दोन भिजवल्या.

पाचव्या दिवशी मी दोरी सोडलीच नाही. हे लिहिताना मला थांबावं लागलं. सोडली असती तर किती आहे ते कळलं असतं, आणि कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मी घराच्या मागे जाऊन पाच गाठी बादलीत बुडवल्या आणि आणून टांगल्या. भैयाने दोरीकडे बघितलं, मोटर पूर्ण वेळावर लावली आणि पाळीवर गेला.

थोड्या वेळाने नळीतून हवा यायला लागली. मग वाळू. मग जळका वास. कुणीतरी डब्याचं झाकण फोडून बटण बंद केलं, पण तोपर्यंत मोटर गेली होती.

मामा त्याच सकाळच्या गाडीने आले. पिशवी हातातच होती. लिंबाखाली सगळा पारा जमलेला, भैयालाही कुणीतरी फोन करून अर्ध्या वाटेवरून बोलावलेलं. मामांनी दोरी मागितली. ती खिळ्यावरून काढून मीच त्यांच्या हातात दिली.

बोअरमधून दोरी वर आली की नटाला नेहमी ओला लाल गाळ लागलेला असतो. मामांनी नट बघितला. तो कोरडा होता, त्यावर कालचा गाळ वाळलेला होता. मग त्यांनी एकेक गाठ बोटांतून सरकवत नेली आणि एका गाठीपाशी थांबून दोरी नाकाजवळ नेली. बाळाला आई हळद आणि बेसन लावून आंघोळ घालायची. त्या पाण्याला तोच वास होता. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"गाठ सरकली," ते म्हणाले. "माह्यीच चुकी आहे. पाडव्याले डिंक कमी पडला असन."

मग भैया बोलला. तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मामा, हम लोग तो आपकी रस्सी के भरोसे बैठे थे।" समोरची काकी म्हणाली की आता वय झालं मामांचं. आणखी एकदोघांनी तेच म्हटलं. मामी दारात उभ्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "सगळी जिंदगी पाण्यात गेली आणि एक गाठ बांधता येत नाही या माणसाले." काहीजण हसले.

भैयाकडची किल्ली मामांनी परत मागितली नाही. ती त्याच्याकडेच राहिली.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायला जागा होती, वेळही होता. मी उघडलं नाही.

त्यानंतर अठरा दिवस पारा टँकरवर राहिला. टँकर रोज येईलच असं नव्हतं, आणि आला की रांग टिकत नसे. अशाच एका दिवशी धक्काबुक्कीत समोरची काकी पडली आणि तिचा हात मनगटात मोडला. तो अजून सरळ होत नाही. आमच्या घरी दोन दिवस प्यायलाच कसंबसं पाणी होतं. तेव्हा ताईच्या सासऱ्यांचा निरोप आला की इथे घेऊन या. बावीस दिवसांचं बाळ घेऊन ताई दुपारच्या उन्हात बसने गेली. माहेरपण सव्वा महिन्याचं ठरलं होतं. ज्या दोन गुंडांसाठी मी ते केलं, ते दोन गुंड आणि तिचं माहेरपण दोन्ही मीच बुडवलं.

मामांनी मला पुन्हा त्याबद्दल काही विचारलं नाही. एकदाच, ताई गेली त्या संध्याकाळी, दारावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "पोचली काय बाळंतीण सुखरूप?" मी हो म्हटलं. "हव," एवढं म्हणून ते गेले.

ते माझ्यासाठी खोटं का बोलले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी कॉलेजात जाणार म्हणून असेल. ताईसाठी असेल. की माझ्यावर दोरी सोपवली ही आपलीच चूक, असं त्यांना खरंच वाटलं असेल? विचारलं असतं तर कळलं असतं. मी त्यांना टाळत होतो. सकाळी रांगेत आईला पाठवायचो.

नवी मोटर आली. भैयाने तिला घड्याळ बसवलं, ती आपोआप बंद होते. दोरी पुन्हा टांगली गेली नाही. मामा रांगेत यायचे, शेवटी उभे राहायचे, पाच गुंड घ्यायचे. नियम मोडणारे आता मोडायचे. कुणी अंगण धुवायला काढलं तर ते बघायचे आणि घरात जायचे. पुढच्या दिवाळीनंतर मामा-मामी गोंदियाला पुतण्याकडे राहायला गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. परत आलो तर घराला कुलूप होतं.

कॉलेजात मी भूजल शिकतो. एका तासाला सरांनी बोअरमधली पातळी मोजायचं यंत्र दाखवलं. लांब पट्टी, टोकाला लोखंडी वजन, पाण्याला टेकलं की वाजतं. सर म्हणाले, हे येण्याआधी लोक काय करत असतील? मला माहीत होतं. मी हात वर केला नाही. त्या दिवशी ठरवलं की आता सांगायचं.

पण सांगायला आणखी सहा महिने लागले. यंदाच्या पाडव्याला भैयाने लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं, मोटरच्या वेळा सांगायला. त्याचं बोलून झालं तेव्हा मी उभा राहिलो. नीट बोलता आलं नाही. तिसरा दिवस, चौथा दिवस, पाचवा दिवस, बादली, असं जसं आलं तसं सांगितलं. आई खाली बघत होती. तिलाही मी तेव्हाच सांगत होतो. समोरची काकी आपला मोडका हात दुसऱ्या हातात धरून ऐकत होती. ती पहिली बोलली. मला काही म्हणाली नाही. भैयाला म्हणाली, मामाला फोन लाव.

नंबर कुणाकडेच नव्हता. बाबांनी गोंदियाच्या एका नातेवाइकाकडून पुतण्याचा मिळवला. भैयाने आपल्या मोबाइलवरून लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. कोण बोलतं ते सांगितलं, आणि मामांना द्या म्हणाला.

"मोठे बाबा तर गेले ना, भैया," पुतण्या म्हणाला. "काल तेरवी झाली. तुमाले कळवाचं होतं, पण आमच्याकडे तिकडचा कोणाचा नंबरच नाई."

पुतण्याने विचारलं, काय काम होतं. भैयाने फोन माझ्याकडे केला. मी म्हटलं, मामी आहेत का. त्याने आत हाक मारली.

मामी फोनवर आल्या. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, आई कशी आहे विचारलं. मग मी त्यांना सांगितलं की गाठ सरकली नव्हती.

त्या ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी "हो" म्हटलं.

"मले त म्हणे गाठच सरकली," त्या म्हणाल्या. "कधी दुसरं नाई बोलले." मग म्हणाल्या, "मी त्याईले दोन उन्हाळे बोलली रे. जाईपर्यंत बोलली."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तो चालूच होता. मग पुतण्याने उचलला. मोठी आई आत जाऊन बसली, म्हणाला, काय झालं, मलाही सांगा.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.